रयतेची गरज असलेलं राज्य

गेल्या वर्षी मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या निमित्तानं आमच्या तालुक्याच्या गावी शाळांची निबंधस्पर्धा झाली. पेपर तपासायला माझ्याकडे आले. विषय होता ‘इंग्रज आले नसते तर...’. कल्पनाप्रधान निबंध हा आपल्या शाळांचा जुना लाडका प्रकार. सूर्य उगवला नाही तर, परीक्षा नसत्या तर, आणि त्याच रांगेत इंग्रज आले नसते तर. साठेक पेपर होते. निम्म्याहून जास्त मुलांनी सोन्याचा धूर काढला होता. कोहिनूर आपल्याकडे, मसाल्याचा व्यापार आपल्याकडे, देश जगात पहिला. बाकीच्यांनी दुसरं टोक धरलं होतं. रेल्वे नाही, टपाल नाही, सतीची चाल तशीच चालू, आणि आपण अजून बैलगाडीत.

एकच पेपर या दोन्हींत बसणारा नव्हता. बीड जिल्ह्यातली नववीची मुलगी, आईवडील दर वर्षी कोयत्यावर जाणारे. तिनं लिहिलं होतं की निजामानं इंग्रजांकडून फौजेची उचल घेतली होती, आणि उचल घेतलेल्या माणसाला आपल्या मनानं घरी परत येता येत नाही.

ज्यांना ऊसतोड जवळून माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. दसऱ्याच्या आगेमागे मुकादम जोडप्याला, म्हणजे एका कोयत्याला, आगाऊ पैसे देतो. ती उचल. मग हंगामभर ऊस तोडून ती फेडायची. शेवटी हिशेब होतो तेव्हा बहुतेकदा काहीतरी अंगावर उरलेलंच असतं, आणि पुढच्या वर्षी त्याच मुकादमाची गाडी गाठावी लागते. या मुलीनं तैनाती फौज, म्हणजे राजानं आपल्या खर्चानं पदरी ठेवायची इंग्रजी फौज, पुस्तकातून पाठ केली नव्हती. ती तिला घरातच कळलेली होती. सोबतच्या परीक्षकांनी ‘विषय सोडून लिहिले आहे’ असा शेरा मारून तिचे गुण कापले होते. माझ्या मते त्या साठ पेपरांत विषयाला हात घालणारी ती एकटीच होती, आणि हा लेख तिच्या त्या एका वाक्याला धरूनच लिहितो आहे.

मराठवाड्यातल्या मुलांना हा विषय देणं मला फार महत्त्वाचं वाटतं. कारण आपण हैदराबादच्या निजामाच्या राज्यात होतो; म्हणायला गेलं तर आपल्याकडे इंग्रज आलेच नव्हते. आपल्या पणजोबांनी इंग्रज कलेक्टर पाहिला नाही. शेतसाऱ्याची पावती निजाम सरकारची, सन फसली, कचेरीची भाषा आधी फारसी आणि मग उर्दू, नाणं हाली शिक्क्याचं. इंग्रजी रुपयाला आपल्याकडे ‘कलदार’ म्हणायचे आणि शंभर कलदारांना साधारण एकशे सोळा हाली मोजावे लागायचे. १५ ऑगस्ट १९४७ ला मुंबई-पुण्यात रोषणाई होत असताना इथं तिरंगा लावणाऱ्याच्या मागं पोलीस लागत होते. तेव्हा इंग्रज न आल्यानं सोन्याचा धूर निघत असता, तर तो औंढ्यातून, अंबडातून, उदगीरातून निघायला हवा होता. तो निघाला नाही, हे आपण सगळे जाणतो.

मग दुसरी बाजू पुढे येते. पुण्यात शिकायला होतो तेव्हापासून ऐकत आलो आहे: ‘तुमच्याकडे इंग्रज नव्हते, निजाम होता, म्हणून तुम्ही मागे राहिलात.’ हे बोलणाऱ्याच्या मनात वाईट नसतं. पण ते चूक आहे. आपल्या आजा-पणजांनी सोसलेलं निजामाचं राज्य हे इंग्रजांनीच उभं धरलेलं राज्य होतं. इंग्रजी सत्तेचा विस्तार झाला नसता, तर काय झालं असतं ते नक्की कुणाला सांगता येणार नाही. पण ते राज्य त्या रूपात दीडशे वर्षं टिकलं नसतं, एवढं मी छातीठोकपणे म्हणतो.

१७२४ पासून १७९५ पर्यंतचा आपल्या भागाचा इतिहास पाहा. पालखेड १७२८, उदगीर १७६०, गोदाकाठचं राक्षसभुवन १७६३, खर्डा १७९५. सत्तर वर्षांत हैदराबादच्या निजामाला मराठ्यांशी पुन्हापुन्हा लढावं लागलं, हरावं लागलं, तह करावा लागला, मुलूख सोडावा लागला. खर्ड्याला तर मानहानी इतकी झाली की हे राज्य आता किती दिवसांचं, असा प्रश्न पडावा. आणि मग १७९८ मध्ये निजाम अलीनं ईस्ट इंडिया कंपनीशी तैनाती फौजेचा तह केला. असा तह पत्करणाऱ्या मोठ्या संस्थानिकांत तो पहिला. त्या दिवसापासून बाहेरच्या शत्रूची भीती संपली. थोड्याच वर्षांत आतल्या शत्रूचीही संपली, आणि तीच गोष्ट रयतेला महाग पडली.

हैदराबादला बसलेला कंपनीचा प्रतिनिधी, म्हणजे रेसिडेंट, हेन्री रसेल याच्या नावानं एक ब्रिगेड उभी राहिली. तिचीच पुढे हैदराबाद कंटिंजंट झाली. हिंगोली, मोमिनाबाद म्हणजे आजचं अंबाजोगाई, आणि औरंगाबाद, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर, इथं तिच्या छावण्या. संभाजीनगरात तर त्या वस्तीचं नावच अजून छावणी आहे. अधिकारी इंग्रज, पगार निजामाच्या खजिन्यातून. तो पगार वेळेवर देता येईना, म्हणून हैदराबादच्या पामर कंपनी नावाच्या पेढीकडून कर्ज. व्याज वर्षाला शेकडा चोवीस-पंचवीस. ते व्याज भरायला दिवाण चंदुलालाच्या कारभारात महसुलाचे मक्ते दिले जाऊ लागले. आपल्या भाषेत गुत्ते. पुणेकर ज्याला ठेकेदार म्हणतात त्याला आपण आजही गुत्तेदार म्हणतो. हा शब्द कानावर पडला की मला रस्त्याच्या डांबराआधी तो जुना कारभार आठवतो. ज्यानं जास्त बोली लावली त्याला तालुका मिळायचा, आणि पुढच्या वर्षी आपण असू की नसू हे त्याला माहीत नसल्यानं याच वर्षी तो गाव पिळून घ्यायचा.

गावानं विरोध केला तर? नांदेड-हिंगोलीच्या पट्ट्यात हटकरांचा नोवसाजी नाईक उठला होता. जानेवारी १८१९ मध्ये त्याच्या नोव्ह्याच्या गढीला वेढा पडला. गढी फोडली ती याच इंग्रज अधिकाऱ्यांच्या फौजेनं, तोफा लावून आणि सुरुंग खणून. निजामाच्या जुन्या पद्धतीच्या फौजेला हे किती जमलं असतं? कदाचित वर्षभर झुंज चालली असती आणि शेवटी काहीतरी तडजोड झाली असती. नाईकाला काही गावं, वतनाची मान्यता, साऱ्यात सूट. दख्खनमध्ये बंडं अशीच मिटत आली होती.

हे माझं एकट्याचं म्हणणं नाही. टॉमस मन्रो, जो पुढे मद्रासचा गव्हर्नर झाला, त्यानं १८१७ मध्येच गव्हर्नर जनरलला हेच कळवलं होतं. या देशात वाईट राज्यावर उपाय असतो तो राजवाड्यातल्या उलथापालथीचा, रयतेच्या बंडाचा, नाहीतर शेजाऱ्याच्या स्वारीचा. इंग्रजी फौज दाराशी बसली की हे सगळे उपाय बंद होतात आणि राजा निर्धास्तपणे आळशी आणि जुलमी होतो. कंपनीच्याच माणसानं, कंपनीचा सूर्य वर चढत असताना हे लिहिलं आहे.

आणि १८५३. कंटिंजंटच्या थकलेल्या पगारापोटी वऱ्हाड कंपनीच्या ताब्यात गेलं. हे शाळेत शिकवतात. त्याबरोबर रायचूरचा दोआब आणि आपला धाराशिव-नळदुर्गाचा मुलूखही गेला, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. सात वर्षं धाराशिव गहाण होतं. १८६० मध्ये ते सोडवून मिळालं. कापसाचं वऱ्हाड मात्र सुटलं नाही, आणि १९०२ मध्ये वर्षाला २५ लाख रुपयांवर ते कायमच्या पट्ट्यानं गेलं. जी फौज निजामाला नको असताना गळ्यात पडली, तिच्या पगारासाठी निजामाचाच सगळ्यात सुपीक मुलूख गेला. त्या मुलीचा ‘उचल’ हा शब्द मला यापेक्षा चांगला सापडत नाही.

मग हे सगळं नसतं, तर आधी काय होतं? माझ्या लेखाचा जीव इथं आहे, म्हणून जरा थांबून सांगतो.

जुन्या दख्खनमध्ये जमीन भरपूर होती आणि कसणारे हात थोडे. दुष्काळ पडला, लष्कर तुडवून गेलं, किंवा साऱ्याचा तगादा असह्य झाला की गाव उठायचं. कागदांत त्याला ‘परागंदा’ म्हणतात. बैल, भांडी, बीबियाणं घेऊन लोक शेजारच्या अमलात जायचे. मागं राहायची पडीक जमीन, आणि पडीक जमिनीतून राजाला एक दाणा मिळत नाही. मग अंमलदार पाटलाकडे माणूस पाठवायचा आणि कौल द्यायचा. कौल म्हणजे अभयाचा लेखी शब्द. परत या, तुम्हाला उपद्रव होणार नाही, मागची बाकी मागणार नाही. सोबत इस्तावा: पहिल्या वर्षी नावापुरता सारा, दुसऱ्या वर्षी थोडा जास्त, असं चढत चढत काही वर्षांनी पूर्ण. मलिक अंबरानं हेच केलं, शिवाजी महाराजांनी हेच केलं, पेशवाईतही हेच चाललं. मोडीतले असे कागद वाचताना जाणवतं की सनदेची भाषा कितीही तोऱ्याची असली तरी खाली गरज सरकारची आहे.

आज निवडणुकीच्या निकालाला आपण ‘जनतेचा कौल’ म्हणतो. शब्द तोच, फक्त देणारा बदलला. तेव्हा सरकार रयतेला कौल द्यायचं, कारण रयत निघून जाऊ शकत होती.

मी त्या काळाला सुवर्णकाळ म्हणत नाही. दुअंमलात आपल्याच गावांनी निजामालाही दिलं आणि मराठ्यांच्या चौथाईलाही दिलं. १६३०-३२ चा दुष्काळ इंग्रजी राज्याच्या कितीतरी आधीचा, आणि त्यात दख्खन ओस पडला. लष्कराचा तळ पडला की उभं पीक घोड्यांच्या पोटात जायचं. पण राज्याचं पोट रयतेवर होतं, आणि राजाला ते विसरणं परवडत नव्हतं. तैनाती फौजेनं नेमका हा धागा कापला. राजाचं संरक्षण कलकत्त्याहून येऊ लागलं, कर्ज पेढीवरून येऊ लागलं, आणि खाली गाव राहिलं काय, उठलं काय, गादी हलत नव्हती. वसाहतवाद नसता तर, या कल्पनेत मला सगळ्यात आधी हा धागा शाबूत हवा आहे. कोहिनूर नंतर बघू.

बहुतेक लोक असा इतिहास बदलायला घेतात तो लढाईपासून. मराठवाड्यात तर ती जागा बोटानं दाखवता येते. भोकरदन-जाफराबादच्या बाजूला असई. केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यातलं गाव. २३ सप्टेंबर १८०३ ला दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले यांची फौज इथं कंपनीचा सेनापती आर्थर वेलस्ली याच्यासमोर उभी होती. मी दोनदा गेलो आहे. मागच्या खेपेला कपाशी बोंडावर आली होती आणि केळणेत गुडघाभर पाणी होतं. वाटाड्यांनी वेलस्लीला सांगितलं होतं की इथून उतार नाही. पण नदीच्या दोन्ही काठांवर समोरासमोर दोन गावं दिसत होती, पिंपळगाव आणि वरूड. समोरासमोर गावं आहेत म्हणजे लोकांची रोजची ये-जा असणार, म्हणजे उतार असणारच, असा अंदाज त्यानं बांधला आणि तो खरा ठरला. एक शेतकरी मला त्या उताराकडे घेऊन गेला. त्याची बैलं तिथूनच पलीकडे जातात. परक्या फौजेनं आपल्याच लोकांची पायवाट वाचून नदी ओलांडली, हे तिथं पाण्यात उभं राहिल्यावर पोटात ढवळून काढतं.

कंपनीचे दीड हजारांवर लोक मेले किंवा जखमी झाले. मराठ्यांच्या शंभराच्या आसपास तोफा गेल्या. त्या तोफा चांगल्या होत्या, गोलंदाज तर तोफेजवळच कापले जाईपर्यंत हटले नाहीत. शौर्यात कमी पडलं असं कुणी म्हणू नये. पण शिंद्यांच्या कवायती पलटणींचा कारभार भाडोत्री युरोपीय अधिकाऱ्यांच्या हाती होता, आणि कंपनीनं जाहीरनामा काढताच त्यातले इंग्रज अधिकारी सोडून गेले. होळकर लांब बसून राहिले. पेशवा आदल्याच डिसेंबरात वसईचा तह करून बसला होता.

समजा होळकर आले असते आणि असई जिंकली असती. मला नाही वाटत की त्यानं फार काही बदललं असतं. कंपनीची खरी ताकद तिच्या पगाराच्या तारखेत होती. तिचा शिपाई बहुतांशी आपल्यासारखाच काळा माणूस, पण त्याला पगार ठरल्या दिवशी मिळायचा. आपले सावकार कंपनीला कर्ज द्यायचे, कारण ते परत मिळायचं. आणि दौलतरावाकडे? १७९८ च्या सुमारास त्याच्या सासऱ्यानं, सर्जेराव घाटग्यानं, पुण्यातल्या पैसेवाल्यांना पकडून, छळून पैसा काढला. स्वतःच्या लोकांना चटके देऊन पैसा उभा करणाऱ्या सरकारला दुसऱ्या वर्षी कर्ज कोण देणार? ज्या राज्यावर आपल्याच सावकाराचा, आपल्याच शिपायाचा विश्वास नाही, ते एक लढाई जिंकतं आणि पुढची हरतं. म्हणून वसाहत झाली नसती असा इतिहास कल्पायचा, तर तो आपल्याकडच्या राज्यकर्त्यांनी लोकांशी केलेल्या व्यवहारापासून बदलावा लागतो.

आणखी एक गोष्ट मला मराठी वाचकांसमोर ठेवायची आहे. असईला हजर असलेल्या रघूजी भोसल्यांच्या आजोबांच्या, म्हणजे थोरल्या रघूजींच्या, घोडदळानं १७४० नंतर दहा वर्षं बंगालवर स्वाऱ्या केल्या. तिथल्या आया आजही बाळाला निजवताना बर्गी आले म्हणून भीती घालतात. ते बर्गी म्हणजे आपले बारगीर. इंग्रज आले नसते आणि आपण सगळीकडे जिंकत गेलो असतो, हे आपलं आवडतं स्वप्न मुर्शिदाबादच्या शेतकऱ्याला कसं दिसेल, याचा विचार न करता मी तरी ते पाहू शकत नाही.

ज्या देशांत वसाहतवाद खरंच रुजला नाही, ते देशही आहेत. सयामनं, म्हणजे आजच्या थायलंडनं, १८५५ च्या तहात जकात तीन टक्क्यांवर बांधून घेतली, परक्यांना वेगळी कोर्टं दिली, पण राज्य राखलं. रेल्वे स्वतःच्या सरकारनं बांधली, १९०५ मध्ये गुलामी कायद्यानं संपवली. जपाननं १८७२ मध्ये पहिली आगगाडी चालवली आणि १९१० मध्ये कोरिया गिळला. रेल्वेसाठी गुलाम व्हावं लागतं, हा समज या दोन देशांपुढे टिकत नाही. आपल्याकडे मनमाड ते हैदराबाद गाडी १९०० च्या सुमारास आली ती मीटरगेज, आणि पुढची कित्येक दशकं मनमाडला माल उतरवून पुन्हा भरावा लागला. रेल्वेबद्दल यापेक्षा जास्त लिहिण्याची गरज नाही.

पण इथिओपियावर मी थांबतो, कारण त्या देशाशी आपलं नातं आहे. मलिक अंबर तिथला. गुलाम म्हणून विकला गेलेला हबशी मुलगा, जो दख्खनमध्ये अहमदनगरच्या निजामशाहीचा वजीर झाला, ज्यानं १६१० मध्ये खडकी, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर, वसवली आणि तिथं नहर-ए-अंबरीचं पाणी जमिनीखालून आणलं. त्याच्या मायदेशानं १८९६ मध्ये अडवाच्या रणात इटलीचा पराभव केला. इटलीच्या ताब्यातली १९३६ ते ४१ ही पाच वर्षं सोडली तर तो देश कुणाची वसाहत झाला नाही. आता १९७३ पाहा. इथिओपियाच्या वोलो प्रांतात दुष्काळ पडला. सम्राटाच्या सरकारनं तो दडवला, आणि हजारो माणसं अन्नावाचून मेली.

त्याच सुमाराला आपल्याकडे काय चाललं होतं? बहात्तरचा दुष्काळ. माझे वडील सांगायचे, अख्खं गाव खडी फोडायला. लाल मिलोच्या भाकरी, मुलांना सुकडी, विहिरी तळाला. हाल झालेच. पण रानोमाळ मेलेली माणसं पडली नाहीत. १९७३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात जवळपास पन्नास लाख माणसं सरकारी कामांवर होती, आणि त्यातूनच १९७७ चा रोजगार हमीचा कायदा आला. कारण मोर्चे निघत होते, विधानसभेत प्रश्न विचारले जात होते, आणि पुढच्या निवडणुकीत त्याच खडी फोडणाऱ्या हातांकडे मत मागायला जायचं होतं. कधीच वसाहत न झालेल्या देशात माणसं मेली आणि पंचवीस वर्षांपूर्वीपर्यंत गुलाम असलेल्या देशात वाचली. १८७६-७८ मध्ये, दख्खनमध्ये लोक मरत असताना याच देशातून धान्य बोटींनी बाहेर चाललं होतं, कारण तेव्हाच्या सरकारला त्या लोकांची कसलीच गरज नव्हती. या तिन्ही गोष्टी शेजारी ठेवल्या की मला त्यातला फरक स्पष्ट दिसतो. सरकार गोरं की काळं याच्याही आधी ते कुणाच्या जिवावर उभं आहे, ते पाहावं लागतं.

इथं मला माझ्याच मांडणीतलं भोक दाखवायला हवं. कौल पाटलाला मिळायचा. गाव उठायचं तेव्हा महारवाड्यातला, मांगवाड्यातला माणूसही उठायचा, पण परत येण्याच्या अटी ठरवताना त्याला कुणी विचारत नव्हतं. नर्सीचे नामदेव, पैठणचे एकनाथ, गंगाखेडची जनाबाई, तेरचे गोरोबाकाका ही सगळी याच मातीतली. त्यांनी माणूस एक आहे म्हणून सांगितलं. पाचशे वर्षांत त्यातून गावाची विहीर मोकळी झाली नाही. इंग्रज नसते तर ती आपोआप झाली असती, असं मला म्हणता येणार नाही. म्हणून आंबेडकरी चळवळीतले माझे मित्र इंग्रजांचे उपकार मोजतात तेव्हा मी वाद घालत नाही. फक्त बाबासाहेबांचीच एक गोष्ट आठवून देतो. १९३० मध्ये गोलमेज परिषदेत, लंडनमध्ये, इंग्रजांच्या समोर उभं राहून त्यांनी विचारलं होतं की तुम्ही येण्याआधी आम्हाला विहिरीवर पाणी भरता येत नव्हतं, आज येतं का? तुमच्या राज्यात आमचं दुःख जागेवरच आहे. आणि ते स्वतः १९१३ मध्ये अमेरिकेला शिकायला गेले ते बडोद्याच्या सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर.

मराठवाड्यातल्या दलिताला तर दुहेरी फटका बसला. जमीनदाराचं रक्षण करणारी फौज आली, पण शाळा आल्या नाहीत. मुंबईला विद्यापीठ १८५७ मध्ये झालं, मराठवाड्याला १९५८ मध्ये. बाबासाहेबांनी औरंगाबादला कॉलेज काढलं तेही १९५० मध्ये, मुक्तीनंतर. १९१८ च्या उस्मानिया विद्यापीठानं आधुनिक शास्त्रं भारतीय भाषेतून शिकवून दाखवली, ही मोठी गोष्ट होती, आणि इंग्रजीशिवाय ज्ञान नाही म्हणणाऱ्यांनी ती जरूर पाहावी. पण ती भाषा उर्दू होती. परतूरच्या, कंधारच्या मराठी मुलासाठी तो दरवाजाही बंदच. रयतेची गरज नसलेल्या राज्याला रयतेची भाषा तरी कशाला लागते?

ऑगस्ट १९४७ मध्ये इंग्रज गेले. त्यानंतर निजामाचं राज्य तेरा महिने टिकलं. स्वामी रामानंद तीर्थ, गोविंदभाई श्रॉफ आणि हजारो साध्या माणसांनी ते आतून पोखरलं होतंच. सप्टेंबर १९४८ मध्ये पाच दिवसांत ते कोसळलं. ज्या राज्याला दीडशे वर्षं धक्का लागला नाही, त्याचा टेकू निघताच त्याची ही गत झाली. आणि दीडशे वर्षं दाबून ठेवलेलं भांडण धर्माचं तोंड घेऊन बाहेर आलं. रझाकारांनी गावं जाळली. नंतर धाराशिव, नांदेडकडे निरपराध मुसलमानांच्या कत्तली झाल्या, आणि पंडित सुंदरलाल समितीनं त्या नोंदवल्या. दोन्ही बाजूंचे मेलेले लोक आपलेच होते. राजा आणि रयत यांचा हिशेब १८२० मध्ये, १८५० मध्ये वेळच्या वेळी होत गेला असता, तर त्याला साऱ्याचं, जमिनीचं, वतनाचं रूप आलं असतं. धर्माचं आलं नसतं, असं मला वाटतं. हे सिद्ध करता येत नाही. पण इंग्रज नसते तर, या प्रश्नाचं माझ्यापुरतं सगळ्यात दुखरं उत्तर हेच आहे.

आता त्या मुलीकडे परत येतो. निकाल लागला, बक्षिसं दिवाळीनंतर वाटायची ठरली. तोवर तिचं गाव निम्मं रिकामं झालं होतं. मी मुद्दाम गेलो. मारुतीच्या पारावर चार म्हातारी माणसं, घरांना कड्या, एका ओसरीवर आजीजवळ ठेवलेली दोन पोरं, शाळेत पाचवीच्या वर्गात अकरा मुलं. ती स्वतः हंगामी वसतिगृहात होती, आईवडील साखर कारखान्याच्या फडात, कोपीत. पाटलांच्या वेळी अर्धं गाव असं उठलं असतं तर तालुक्याचा अंमलदार घोड्यावर बसून आला असता. सारा बुडाला असता, त्याची नोकरी गेली असती. आता गावाच्या उठण्यानं कुणाचं काही बुडत नाही. उलट पलीकडे कारखान्यांची धुराडी त्यावरच पेटतात. मत द्यायला मात्र गाड्या पाठवून माणसं आणतात आणि दुसऱ्या दिवशी परत सोडतात.

मी तिला पेपर दाखवला, कापलेले गुण वाढवून दिलेला. तिनं विचारलं, ‘सर, निजामाची उचल शेवटी फिटली का?’ मी म्हणालो, ‘धाराशिवची फिटली, वऱ्हाडाची नाही.’ तिनं मान हलवली. आईच्या अंगावर या वर्षी किती बाकी आहे तो आकडा तिला पाठ होता. तो तिनं मला सांगितला आणि पेपर दप्तरात ठेवला.